मदत हवी आहे: परत पाठवायच्या कंटेनरचा नंबर कागदावर चुकलाय, बाँडचे नऊ दिवस उरलेत

मंडळी, बडोद्याहून लिहितेय. मकरपुरा जीआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. हिशेब आणि डिस्पॅच दोन्ही माझ्याच गळ्यात.

जर्मनीहून मशीनचे भाग दोन चाळीस फुटी कंटेनरांतून न्हावा शेवाला आले. कंटेनर शिपिंग लाइनचे नाहीत, माल पाठवणाऱ्याच्या मालकीचे, म्हणजे एसओसी. मालाची ड्यूटी भरून झाली. डब्यांवर भरावी लागली नाही, कारण सहा महिन्यांत परत पाठवू असा बाँड, म्हणजे हमीपत्र, कस्टम्सला दिलाय (नोटिफिकेशन १०४/९४).

परवा परतीच्या शिपिंग बिलाची (माल बाहेर पाठवताना कस्टम्सला द्यायचा कागद) चेकलिस्ट तपासताना दिसलं की एका डब्याचा नंबर जुळत नाही. डब्याच्या दारावर नंबरात ४७ आहे, बिल ऑफ एन्ट्रीत (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि बाँडमध्ये त्या जागी ७४. सहा महिने हा कागद फायलीत होता आणि कुणी पाहिला नाही, मीही नाही. दारावरचा नंबर घालून डबा पाठवला, तर बाँडमधला डबा कागदोपत्री भारतातच राहणार. कागदावरचा घातला, तर गेटवर अडणार. सीएचएकडचा (कस्टम्सची कामं करून देणारा आमचा एजंट) माणूस फोनवर रोज एकच म्हणतो, "थई जशे, बेन", म्हणजे होऊन जाईल, ताई. कधी, ते सांगत नाही. नऊ दिवसांनी मुदत संपते. आधी काय करू?

प्रतिसाद

ताई, पहिली गोष्ट, दारावरच्या नंबराशी खेळू नका. रंगाचा डबा घेऊन आकडा बदलण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

आता दोन अर्ज करा, आणि वेगवेगळे करा. सगळे इथेच चुकतात. नंबर दुरुस्त होईपर्यंत थांबतात आणि तोवर मुदत संपते.

पहिला अर्ज मुदतवाढीचा. त्याच नोटिफिकेशनमध्ये सोय आहे. सबळ कारण दाखवलं तर असिस्टंट कमिशनर सहा महिन्यांची मुदत वाढवू शकतात. बाँड जिथे दिला तिथेच अर्ज द्या, मुदत संपायच्या आत, आणि पोच शिक्क्यासह घ्या.

दुसरा दुरुस्तीचा, कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली. माल सुटून गेल्यावरही बिल ऑफ एन्ट्री दुरुस्त होते, पण माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदाच्याच आधारावर. आज काढलेला फोटो किंवा आज लिहून आणलेलं पत्र त्यात मुख्य पुरावा ठरत नाही. तेव्हाचं बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), पॅकिंग लिस्ट, डिलिव्हरी ऑर्डर, बंदराच्या गेटची पावती यांत दारावरचा नंबर शोधा.

धागाकर्ती

बीएलवर आणि गेटच्या पावतीवर बरोबर नंबर आहे! म्हणजे चूक फक्त टाइप करताना झाली. पण कस्टम्सवाले म्हणाले, बीएलच चुकलं नाही कशावरून, तर?

प्रतिसाद

कंटेनरचा नंबर स्वतःच साक्ष देतो. चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला सातवा आकडा, तो चेक डिजिट. अक्षरांना १० पासून किमती देतात, ११, २२, ३३ वगळून: ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, झेड म्हणजे ३८. मग डावीकडून १, २, ४, ८ असं दुप्पट करत ५१२ पर्यंत गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं. बाकी उरेल तोच सातवा आकडा, १० उरली तर ०. दोन्ही नंबरांची आकडेमोड एका पानावर करून अर्जाला जोडा.

आणि डब्यावरची सीएससी प्लेट, म्हणजे सुरक्षा तपासणीची पाटी, बघितलीत का? डबा नवा असेल तर पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत, पुढे जास्तीत जास्त दर तीस महिन्यांनी. तारीख उलटलेली असेल, तर कस्टम्सने सोडलं तरी जहाजावर चढवताना अडेल.

धागाकर्ती

दुपारी सेव-उसळ तशीच टाकून यार्डात गेले. प्लेटवरची तारीख पुढची आहे, सुटले. आकडेमोडही केली. सातवा आकडा ३ आहे. दारावरच्या नंबराची बाकी ३ येते, कागदावरच्याची ९. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "हे आधी का नाही केलंस?" असो.

मुदतवाढीचा अर्ज तयार आहे. रात्रीच्या गाडीने मुंबईला निघतेय, सकाळी न्हावा शेवाला स्वतः जाऊन देणार, सीएचएच्या माणसाला सोबत घेऊन. दुसऱ्या डब्याचे कागद जुळतात. तो आधी एकटा पाठवावा, की दोन्ही एकाच शिपिंग बिलात ठेवावेत?

प्रतिसाद

आधी पाठवा, वेगळ्या शिपिंग बिलावर. निदान एकाचा बाँड तरी मोकळा होईल. त्याचा ईजीएम (जहाजातून काय काय गेलं याची कस्टम्सला दिलेली यादी) भरला गेला की नाही, हे मात्र जहाज सुटल्यावर स्वतः आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, बघा, "थई जशे"वर राहू नका.