अनुभव धागा: सायकलवाल्याला दंड किती, गाडीवाल्याला किती?

जुने सिडको
नाशिकमध्ये हेल्मेटची मोहीम सुरू झाली की एक वाद हमखास निघतो. पावत्या फक्त आमच्याच फाटतात, सायकलवाला लाल दिव्यातून निवांत निघून जातो आणि त्याला कोणी विचारत नाही. २०२१ मध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं तेव्हाही हेच ऐकू येत होतं. दुरुस्ती, वकिली, सिग्नल, विक्री, अशा कामामुळे ज्यांचा या विषयाशी रोज संबंध येतो त्यांनी लिहावं. किस्से नकोत. कलम, रक्कम, सुटा भाग, कुठे काय बिघडतं, ते लिहा.

चौफुली
सायकलला ई-चलान येत नाही, यात पोलिसांच्या दयेचा भाग नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम २(२८) यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वाहनापुरतं आहे. सायकल त्यात बसत नाही, म्हणून पुढची कलमंही तिला लागत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीवाल्यासाठी ती अशी: १७७ खाली किरकोळ नियमभंगाला पहिल्यांदा ५००, पुन्हा केलं तर १५००. १८४ मध्ये सिग्नल तोडणं, राँग साईड, हातात फोन, यांना १,००० ते ५,००० किंवा कैद. १९४ड मध्ये हेल्मेटचे १,००० आणि तीन महिने लायसन्स बंद. या कायद्यातल्या रकमा झाल्या. कलम २०० खाली राज्य तडजोडीची रक्कम, म्हणजे खटला न चालवता भरायची रक्कम, ठरवतं आणि ती कमी असू शकते, त्यामुळे मोबाईलवर आलेला आकडा वेगळा दिसला तर गोंधळू नका.

सायकल मोकाट मात्र नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ मध्ये 'वाहन' या व्याख्येत सायकल नाव घेऊन आहे. त्याचं कलम ९९ डाव्या बाजूने चाला म्हणतं आणि ११७ खाली १,२०० रुपयांपर्यंत दंड होतो. भारतीय न्याय संहितेच्या २८१ मध्ये 'कोणतंही वाहन' आहे: बेदरकार चालवलं तर सहा महिने किंवा १,००० रुपये, किंवा दोन्ही. धडकेत कोणी जखमी झालं तर १२५, जीव गेला तर १०६(१), पाच वर्षांपर्यंत. म्हणजे गंभीर प्रकारात कारवाल्याला आणि सायकलवाल्याला कलम एकच. तफावत आहे ती किरकोळ नियमभंगात.

तिथेही खरी अडचण अंमलाची. नंबर प्लेट नाही, त्यामुळे कॅमेरा निरुपयोगी. पोलिसाने स्वतः थांबवायचं, नाव-पत्ता विचारायचा. दिला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ खाली अटक करता येते, पण ते वापरायचं म्हणजे एका सायकलमागे एक माणूस चौकातून उठला. म्हणून शिटी मारून सोडतात, नाहीतर चाकातली हवा सोडतात. हवा सोडण्याची शिक्षा कुठल्याही कायद्यात नाही.

सिग्नलचं गणित
समान दंड हवा म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशोब करावा. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, वेग ताशी १८ किमी: गतिज ऊर्जा साधारण १,०६० ज्यूल. स्कूटर आणि स्वार १८० किलो, ताशी ४५: सुमारे १४,०००. बाराशे किलोची कार ताशी ५० ला: सुमारे १,१५,०००. म्हणजे सायकलच्या तेरा पट आणि शंभर पटींहून जास्त. दंड धोक्याच्या प्रमाणात असायचा तर सायकलचा शंभर रुपये आणि कारचा दहा हजार निघतो. इतकी कडक त्रैराशिक कोणी लावणार नाही, पण दिशा कळते.

दुसरं, सायकलवाले 'सिग्नल तोडतात' यातले काही मुळात तोडतच नाहीत. तीस मीटर रुंद चौक ताशी १२ च्या वेगाने ओलांडायला नऊ सेकंद, थांबलेल्या जागेवरून निघताना आणखी दोन-तीन. स्कूटरला चार सेकंदही लागत नाहीत. पिवळा दिवा तीन सेकंदांचा. हिरव्याच्या शेवटच्या क्षणी आत शिरलेला सायकलस्वार दुसरी बाजू सुटते तेव्हा चौकाच्या मध्यावर असतो, आणि बघणाऱ्याला तो लाल दिव्यातला दिसतो. उपाय दंडाचा नाही, सर्व बाजू लाल ठेवण्याचा काळ दोन-तीन सेकंदांनी वाढवण्याचा. द्वारका, मुंबई नाका असल्या पसरट जागी तर हे आधी करावं.

सरळसरळ लाल दिव्यात घुसणारेही आहेत, ते वेगळे. त्यांची बाजू मी घेत नाही.

पायी गंगापूर रोड
शंभर पट कमी जोर म्हणून सूट, हे गाडीवाल्याशी तुलना करताना ठीक. पायी चालणाऱ्याला ८५ किलो पुरेसे असतात. फूटपाथवरून घंटी न वाजवता येणारी सायकल लागून खुब्याचं हाड मोडलं तर भरपाई कोण देणार, ते वकिलांनी सांगावं.

दावा-अर्ज
काका, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर वाईट आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मोटार वाहनाच्या अपघातांसाठीच आहे. सायकलने धडक दिली तर तिथे अर्ज चालत नाही. दिवाणी दावा लावायचा, आणि सायकलला सक्तीचा विमा नसल्यामुळे निकाल लागला तरी वसुली त्या माणसाच्या खिशातून. ही उणीव आहे. सायकलवाल्याच्या बाजूने बोलणारे हिच्याबद्दल गप्प बसतात.

आता उलट बाजू. सायकलस्वाराला गाडीने उडवलं की तोच न्यायाधिकरणापुढे येतो, आणि चौकात कधी न भरलेला दंड तिथे भरतो. समोरची विमा कंपनी पहिलं काय म्हणते? मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, राँग साईडने येत होता. ते शाबित झालं की अंशदायी निष्काळजीपणाची, म्हणजे अपघातातल्या स्वतःच्या चुकीच्या वाट्याची, टक्केवारी कापली जाते. भरपाई दहा लाख ठरली आणि वीस टक्के कापले, तर दोन लाख गेले. गाडीवाल्याचा दिवा बंद असेल तर पावती काही शेकड्यांची. न्याय-अन्यायाचा वाद घालायचाच तर इथे घाला.

म्हणून अपघातानंतर हे करा:
सायकल दुरुस्तीला टाकू नका. पंचनामा होईपर्यंत आहे तशी ठेवा. मागचा दिवा, रिफ्लेक्टर, वाकलेलं चाक, यांचे फोटो जागेवरच घ्या, तुटलेल्या लाल काचेचे तुकडेसुद्धा. दिव्याचं बिल असेल तर जपा. दवाखान्यात 'पडलो' असं सांगू नका, 'अमुक वाहनाची धडक' अशी नोंद करायला लावा. नोंद आणि जबाब जुळले नाहीत की पुढे सगळं अडतं. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल, म्हणजे नमुना एक, ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. कलम १६६ च्या भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे, ती धरूनच चाला. राहत्या ठिकाणी अर्ज करता येतो, त्यामुळे अपघात घोटीला झाला तरी नाशिकचा माणूस नाशिकमध्ये दावा लावू शकतो.

चूक कोणाची हे सिद्धच होत नसेल तर १६४ आहे: मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही. पण १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो, म्हणून घाई नको. गाडी पळून गेली आणि नंबर नाही, तर २०२२ च्या योजनेखाली मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे.

बॅटरीवाला, अंबड लिंक रोड
सायकल आणि मोटार वाहन यांच्यामधली रेघ नेमकी कुठे आहे ते पालकांना माहीत हवं. केंद्रीय मोटार वाहन नियम २(यू): मोटर सलग तीस मिनिटं देऊ शकते ती शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ पेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र. हे सगळं असेल तरच ती सायकल.

ऑनलाइन मागवलेलं ५०० वॅटचं हब मोटर किट (चाकाच्या मध्यात बसणारी मोटर) जुन्या सायकलला बसवलं की ती मोटार वाहन झाली. मग नोंदणी नाही (१९२), विमा नाही (१९६, २,०००), लायसन्स नाही (१८१, ५,०००). चालवणारा लायसन्स नसलेला सोळा वर्षांचा मुलगा असेल तर १९९अ: पालकाला २५,००० आणि तीन वर्षांपर्यंत कैद. कंट्रोलरमधली एक वायर तोडून वेगमर्यादा काढली तरी तेच. शून्यावरून पंचवीस हजारांवर उडी, आणि दुकानदार हे सांगत नाही.

यात यांत्रिक धोकाही आहे. साध्या सायकलचा पुढचा फोर्क आणि रिम ब्रेक ताशी ४० साठी बनलेले नसतात. हब मोटरच्या अ‍ॅक्सलला टॉर्क आर्म (तो फिरू न देणारी पट्टी) लावला नाही तर ड्रॉपआऊटमधून, म्हणजे चाक बसतं त्या खाचेतून, अ‍ॅक्सल फिरतो, चाक निसटतं.

म्युनिकचा नाशिककर
इथे सायकलवाल्याला दंड आहे, पण कारच्या निम्मा ते दोन-तृतीयांश. लाल दिवा: सायकलला ६० युरो, कारला ९०. दिवा लाल होऊन सेकंद उलटल्यावर गेलात तर सायकलला १०० आणि एक पॉइंट (नियमभंगाच्या नोंदीतला गुण). कारला २००, दोन पॉइंट आणि महिनाभर लायसन्स बंद. जपानने उलट टोक गाठलंय. नोव्हेंबर २०२४ पासून सायकलवर फोन वापरला तर सहा महिने कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड. जर्मनीचं प्रमाण मला जास्त पटतं. पण इथे सायकलला स्वतंत्र पट्टा आणि बऱ्याच चौकांत स्वतःचा दिवा आहे, हे सोडून फक्त दंडाचा तक्ता उचलून नेऊ नका.

चौफुली
पट्ट्यावरून आठवलं. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका स्मार्ट रोडवर सायकल ट्रॅक केला, त्यावर दुचाकी उभ्या राहू लागल्या. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत सायकल ट्रॅकवर गाडी चालवायलाही बंदी आहे आणि लावायलाही. कलम १७७अ खाली ५०० ते १,००० रुपये. हा दंड नियमित वसूल झाला तर सायकलवाला वाहतुकीत का घुसतो हे विचारायचा हक्क उरेल.

राँग साईडचंही तसंच. दुभाजकातली फट ६०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १.२ किमी, ताशी १५ ने पाच मिनिटं. सातपूरला पाळीला निघालेला माणूस ती वाचवतो. त्याला हेही सांगायला हवं की समोरून ताशी ४५ ने येणाऱ्या स्कूटरशी त्याचा सापेक्ष वेग ६० होतो; योग्य बाजूने तो ३० असता.

पान्हा-पक्कड, पंचवटी
वकीलसाहेबांनी दिव्याचं लिहिलं म्हणून भर घालतो. मागचा दिवा सीटपोस्टवर, जमिनीपासून ६० ते ८० सेंटीमीटरवर, सरळ मागे बघणारा. बटण सेलचे छोटे दिवे पावसात पहिल्या महिन्यात गंजतात. चार्जिंगचा घ्या, पोर्टवरचं रबरी झाकण घट्ट बसतं का बघा. पुढचा दिवा असा वाकवा की झोताचा मध्य पाच-सहा मीटरवर रस्त्यावर पडेल, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. चाकातले पिवळे रिफ्लेक्टर आवाज करतात म्हणून पोरं काढून टाकतात. सैल स्क्रू आवळला की आवाज जातो. रिफ्लेक्टर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा, चिखलाच्या थराखाली तो काही परतवत नाही.

पहाटेचा पेपर
कॅरियरवर पेपरचा गठ्ठा असतो, सीटपोस्टवरचा दिवा पूर्ण झाकला जातो. मग कुठे लावायचा?

पान्हा-पक्कड, पंचवटी
दादा, कॅरियरच्या मागच्या आडव्या नळीला पत्र्याची एल पट्टी, दोन एम-५ (५ मिमीचे) बोल्ट, नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे) नट. दिवा गठ्ठ्याच्या मागे किमान दोन बोटं बाहेर हवा. शिवाय मडगार्डच्या खालच्या टोकाला लाल रिफ्लेक्टर टेप चिकटवा. आधी तिथलं तेल पेट्रोलने पुसून घ्या, नाहीतर टेप दोन दिवसांत सुटतो.