मदत हवी आहे : तुटपुंजा पगार की निराधार अनुदान?

नमस्कार. माझी विधवा नणंद भांडुपच्या एका गाळ्यात पॅकिंगचे काम करते; महिन्याकाठी हातात 11,000 रुपये पडतात आणि त्यांतले 5,000 खोलीभाड्यालाच जातात. संजय गांधी निराधार योजनेच्या 1,500 रुपयांसाठी चौकशी केली, तर वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये निघाली, म्हणजे दोन पगारांतच ती अपात्र! शेजारणी तिला नोकरी सोडायला सांगतात, परंतु त्यापायी राज्य कामगार विम्याचे उपचार आणि भविष्य निर्वाह निधी सोडणे मला शहाणपणाचे वाटत नाही. तिच्या शाळकरी मुलासाठी बालसंगोपन योजनेचे दरमहा 2,250 रुपये नोकरी करणाऱ्या एखाद्या आईला मिळाले आहेत का, आणि तेव्हा पगारचिठ्ठी चालली की तहसीलदारांचाच दाखला लागला, हे अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे.