आकडा प्रचाराचा असेलही, पण मोजणी झाली होती

व्हिएतनाममधल्या १९४५च्या दुष्काळातले वीस लाख मृत्यू हा निव्वळ प्रचार, कुणी मोजलेच नाहीत, असं काहीजण म्हणतात. आकड्यावर वाद आहे हे मान्यच. काही अभ्यासक दहा लाखांच्या आसपासच थांबतात. पण दुसरा भाग पटत नाही. १९९०च्या दशकात व्हिएतनामचे वान ताव आणि जपानचे फुरुता मोतोओ या इतिहासकारांनी व्हिएतनामच्या उत्तरेकडची २३ ठिकाणं घेऊन गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरागणिक विचारलं: इथे कोण राहायचं, त्यातले किती गेले, कोण परागंदा झालं? अख्खं कुटुंब संपलं तिथे शेजाऱ्यांची आठवण हाच पुरावा.

एवढ्यावरून देशाचा आकडा छातीठोक सांगता येत नाही, कबूल.