इलेक्ट्रिक व्हीलचेअरसाठी सोसायटीने पार्किंगची जागा सोडावी का?

कोथरूडकर: आमच्या सर्वसाधारण सभेत रॅम्पचा विषय पुन्हा पुढे ढकलला. पार्किंगमधून लिफ्टपर्यंत तीनच पायऱ्या आहेत. आत्तेबहीण आमच्याकडेच राहते, इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरते. सगळे प्रेमाने म्हणतात, "ताई, उचलू की आम्ही!" घडीची साधी खुर्ची दोघे उचलतीलही. पण मोटर-बॅटरीवाली खुर्ची अनेकदा 70-100 किलोची, वर माणूस. उचलायची कुणी आणि पाठ कुणाची जाणार? मदतीला माणसं आहेत म्हणून रॅम्प नको, हे मला पटत नाही. तुमचं काय मत?

जुना_सेक्रेटरी: भावना बाजूला ठेवून हिशेब करा. रॅम्पचा उतार 1:12 लागतो, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण 45 सेंमी उंची, म्हणजे 5.4 मीटर लांबीचा रॅम्प, वर-खाली सपाट जागा वेगळीच. तीन-चार दुचाकी गेल्या. आमच्याकडे पार्किंगवरून लोक पोलिसांत गेलेत. एका घरासाठी चाळीस घरांनी का सोसायचं? तळमजल्याचा फ्लॅट बघा, सोपं पडेल.

बॅटरी_फुल: मी स्वतः अशा खुर्चीवर आहे. हिशेब बरोबर, निष्कर्ष नाही. रॅम्प सरळच हवा असं नाही, मध्ये सपाट टप्पा ठेवून काटकोनात वळवता येतो. चुकूनही "चालेल हो" म्हणत 1:6 चा करू नका. चढताना खुर्ची मागे झुकते, उतरताना जीव मुठीत. आणि एका घरासाठी कसा? बाळाची गाडी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, गॅस सिलिंडरवाला, सगळे तिथूनच जातील. तळमजल्याचा सल्ला देणाऱ्यांनी आधी पुण्यात तसा फ्लॅट शोधून दाखवावा, बहुतेक इमारतींत तळमजला म्हणजे पार्किंगच.

पेठेतला: सोसायटीचं जमलं तरी पुढे काय? गेटबाहेर फुटपाथ. गाड्या चढतात म्हणून खांब ठोकले, ते इतके जवळ की खुर्ची अडकते. लांब लावावेत तर ॲक्टिव्हा आत शिरते, कारण दोघींची रुंदी जवळपास सारखीच. मी तरी खांबांच्या बाजूने. फुटपाथवरून गाडी अंगावर येणं हा म्हाताऱ्यांना रोजचा धोका आहे.

बॅटरी_फुल: म्हणजे दुचाकीवाल्यांच्या चुकीची शिक्षा मला? मी मग रस्त्यावरून, बसच्या शेजारून चालते. खांबांत 90 सेंमी अंतर ठेवा आणि आत शिरणाऱ्यांकडून दंड घ्या. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ झालाच ना? मेट्रो 2022 मध्ये सुरू झाली, स्टेशनांत लिफ्ट आहेत. पण स्टेशनपर्यंत जायचं कसं? माझी खुर्ची घडी होत नाही, रिक्षात मावत नाही.

कायदा_वाचलेला: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती, ती 2022 मध्ये संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत.

जुना_सेक्रेटरी: सार्वजनिक इमारत म्हणालात ना? आमची खासगी निवासी आहे. आणि चार्जिंगचं काय? पार्किंगमध्ये रात्रभर बॅटरी, आग लागली तर? वीजबिल कुणी भरायचं?

बॅटरी_फुल: खुर्ची घरात, माझ्याच मीटरवर चार्ज होते. तुमच्या पार्किंगमध्ये ई-स्कूटर चार्ज होत असतील, त्यांना विचारलंत? मला खरी भीती गुरुवारची. दुरुस्तीसाठी वीज जाते, लिफ्ट बंद, मी घरात अडकून. जनरेटर असेल तर लिफ्ट आधी त्यावर घ्या, जिमचे दिवे नंतर.

जुना_सेक्रेटरी: लिफ्टचं मान्य. रॅम्पचं नाही. आधी कोटेशन आणा, आणि कुणाच्या गाड्या हलवायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मी तरी माझी जागा देणार नाही.

कोथरूडकर: चिठ्ठ्या कशाला? मी आजच टेप घेऊन मोजलं. भिंतीलगत वळवलेला रॅम्प बसतो, आणि तिथे सध्या गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि दोन बेवारस स्कूटर आहेत. पुढच्या सभेत त्यांच्या वतीने कोण बोलतं ते बघू.