डिस्ट्रिब्यूटेड ओएस: यूझर्सचं 'स्थलांतर' म्हणावं का?

बर्कली विद्यापीठातल्या स्प्राइट या डिस्ट्रिब्यूटेड ऑपरेटिंग सिस्टिमवर (नेटवर्कने जोडलेल्या अनेक मशीन्स एकच असल्यासारख्या चालवणारी) मराठीत लिहितोय, १९८४ ला सुरू झालेला प्रोजेक्ट. युनिक्स या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची सवय असलेल्या लोकांना नव्या सिस्टिमवर आणणं कसं सोपं केलं असा एक भाग आहे, त्याला 'वापरकर्त्यांचे स्थलांतर' म्हणू का? आणि डिस्ट्रिब्यूटेडला विकेंद्रित चालेल?

---

स्थलांतर अजिबात नको, स्प्राइटमध्ये तो शब्द आधीच प्रोसेस मायग्रेशनला, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवण्याला, लागतो. शेजारचं वर्कस्टेशन रिकामं असलं की प्रोसेस उचलून तिकडे चालवायची आणि त्या मशीनचा मालक परत येऊन बसला की तिला तिथून हलवायचं, हे खरं स्थलांतर. पीमेक हे तिथलं टूल तर कंपाइलची (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करण्याची) कामं अशीच रिकाम्या मशीन्सवर वाटून द्यायचं, आणि गंमत म्हणजे यूझरला ती प्रोसेस आपल्याच मशीनवर चालल्यासारखी दिसायची. म्हणजे प्रोसेस हलायची, माणूस जागेवरच. मग माणसालाही तोच शब्द लावला तर वाचणारा गोंधळणारच ना.

माणसांसाठी 'रुळणं' घ्या. नवी सून सासरी रुळते तसं, हळूहळू, आणि ते घरच्यांवरही अवलंबून असतं. स्प्राइटवाल्यांनी आपल्या बाजूने हेच केलं, सिस्टिम कॉल्स (प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागतात ते कॉल्स) ४.३ बीएसडी युनिक्ससारखे, म्हणजे बर्कलीच्याच युनिक्स आवृत्तीसारखे, ठेवले त्यामुळे जुने प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून बहुतेक चालायचे, आणि सगळ्या मशीन्सवर डिरेक्टरी ट्री (फोल्डर्सची रचना) एकच, कुठेही बसा आपली फाइल त्याच नावाने सापडणार. आतून सगळं नव्याने लिहिलेलं पण बोटांना सवय तीच. मला तरी हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो, यावर दोन परिच्छेद जास्त लिहा.

विकेंद्रित पण नको, फायली मोजक्या फाइल सर्व्हरवरच असायच्या आणि वर्कस्टेशन्सना बऱ्याचदा स्वतःची डिस्कच नसायची. वितरित बरोबर आहे.

---

वितरितला +१. 'सरावणे' कसं वाटतं? लेखी भाषेत रुळणंपेक्षा बरं दिसेल.

---

सरावणे चांगलाय, पण त्यात सगळे कष्ट यूझरचे येतात, सिस्टिमने काय केलं ते येत नाही. मथळ्यात 'वापरकर्ते रुळावेत म्हणून' असं करा, खाली सरावणे खुशाल वापरा.

---

पटलं. मथळा बदलतो, आणि स्थलांतर फक्त प्रोसेसपुरतं ठेवतो.