एकच प्राधिकरण आलं की शहर सुधारतं म्हणे!

आडवाट

कालचा ‘महानगराला एकच आराखडा, एकच प्राधिकरण’ हा लेख वाचून प्रतिसाद लिहायला घेतला. तो इतका वाढला की वेगळाच धागा काढतोय. लेखाचा सूर असा: शहराची वाट लागते कारण पाणीवाले, रस्तेवाले, रेल्वेवाले आणि शेजारच्या चार नगरपालिका आपापल्या दिशेने ओढतात. सगळ्यांच्या डोक्यावर एक सक्षम प्राधिकरण बसवा, पुढच्या पन्नास वर्षांचा नकाशा करा, की शाश्वत, सर्वसमावेशक वगैरे सगळं आपोआप होईल. आणि शेवटी सिंगापूर. सिंगापूरशिवाय असा लेख संपवायला बहुधा परवानगी नसावी.

मग सिंगापूरची गोष्ट पूर्ण सांगा की. १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ, १९६६ मध्ये भूसंपादनाचा कडक कायदा, आज जवळपास ८० टक्के रहिवासी मंडळाच्या घरांत. झकास. पण तिथे शहर आणि देश एकच आहे. हद्दीपलीकडच्या नगरपालिकेशी भांडायची वेळच येत नाही. आणि तरीही रोज लाखो लोक मलेशियातल्या जोहोरहून पूल ओलांडून ये-जा करतात. पगार अलीकडे, घर पलीकडे. या लोकांचं सिंगापूरच्या आराखड्यात काय मत आहे, ते लेखकाने कळवावं.

ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया तर अख्खी एका आराखड्यातून उतरली. उद्घाटन १९६० चं. ती बांधणाऱ्या मजुरांना त्या देखण्या नकाशात जागाच नव्हती, म्हणून तागुआतिंगा हे उपनगर आधीच, १९५८ मध्ये, बाहेर वसवावं लागलं. ब्राझीलमधल्याच कुरितिबा शहराच्या बसचं कौतुक मीही करतो. १९७४ पासून जलद बसमार्ग आणि त्या मार्गांलगतच उंच इमारती, हे चांगलंच जमलं. मग जमीन महागली आणि गरीब माणसं शेजारच्या नगरपालिकांत सरकली.

आराखडा अख्ख्या प्रदेशाचा असावा हे मला मान्य आहे. माझं भांडण तिजोरीबद्दल आहे. आराखडा सगळ्यांचा आणि तिजोरी ज्याची त्याची, असं असेल तर तो नकाशा भिंतीवर टांगायच्या लायकीचा. अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉलच्या परिसरात १९७१ च्या कायद्याने प्रत्येक गावाच्या व्यापारी आणि औद्योगिक करपात्र मालमत्तेत जी वाढ होते तिचा ४० टक्के हिस्सा एकत्र धरतात आणि सगळ्या गावांत वाटतात. गरीब गावाला जास्त. कारखाना शेजाऱ्याकडे गेला तरी आपल्याला थोडं मिळतं, त्यामुळे एकमेकांची ऑफिसं पळवण्यातली मजा कमी होते. हा विषय कालच्या लेखात शोधला, सापडला नाही.

नकाशेवाला

आडवाट साहेब, बाहेरून बोलणं सोपं असतं. मी नगररचनेच्या कार्यालयात उमेदीची वर्षं घालवली आहेत. पाणीपुरवठ्याचा नकाशा एका प्रमाणात, रस्त्यांचा दुसऱ्या, आणि मलनि:सारणाचा कोणाच्या तरी कपाटात. एका नाल्याचं रुंदीकरण आम्ही हद्दीपर्यंत केलं. हद्दीपलीकडे तो होता तेवढाच अरुंद. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबून मागे आलं आणि आमच्याच बाजूच्या वस्तीत शिरलं. पलीकडच्यांना पत्रं लिहिली. उत्तर आलं, ‘निधी उपलब्ध नाही’. हद्द नदीला कळत नाही. कोणीतरी वर बसून दोघांचे कान धरावेच लागतात.

कोपनहेगन बघा. १९४७ चा पाच बोटांचा आराखडा, मूळ शहर म्हणजे तळहात. बोटांवर लोकल रेल्वे आणि वस्ती, बोटांमध्ये पाचरीसारखी हिरवी जमीन. ही हिरवळ नुसत्या सद्भावनेवर टिकली असती असं वाटतं? प्रत्येक पालिकेने आपापली पाचर केव्हाच विकून खाल्ली असती. २००७ मध्ये राष्ट्रीय सरकारने तो आराखडा बंधनकारकच केला. आणि लंडनची महानगर परिषद १९८६ मध्ये राष्ट्रीय सरकारने मोडीत काढली, २००० पर्यंत अख्ख्या शहराला एक आवाज नव्हता. शेवटी अख्ख्या शहराचा महापौर आणलाच ना?

मोकळा_बाजार

दोघांनाही नकाशाशिवाय झोप लागत नाही असं दिसतं. मागणी असेल तिथे घरं बांधू द्या, किमती उतरतील. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये झोनिंगच नाही, म्हणजे कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने अशी सरकारी वाटणी नाही, आणि घरं तुलनेने स्वस्त आहेत. विषय संपला.

आडवाट

@मोकळा_बाजार, झोनिंग नाही, पण मालमत्तेच्या करारांतली बंधनं आहेत आणि ती पाळायला लावायचं काम तिथली महापालिकाही करते. २०१७ च्या हार्वे वादळात पूर नियंत्रणाच्या दोन जलाशयांच्या बुडीत क्षेत्रात बांधलेल्या हजारो घरांत पाणी शिरलं. बाजाराने ती घरंही स्वस्तच विकली असणार.

आणि गंमत म्हणजे, झोनिंग नसलेल्या त्याच शहरात बहुतेक भागांत प्रत्येक इमारतीसाठी किमान इतकं पार्किंग हवं, असा नियम मात्र आहे.

खडूस_काका

शेवटी कोणीतरी पार्किंगचं नाव काढलं! सगळ्या आराखड्यांचं मूळ दुखणं तिथे आहे. आमच्या इमारतीत नियमाप्रमाणे प्रत्येक घरासाठी गाडीची जागा सोडली आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही तिचे पैसे भरले, कारण बिल्डरने ते किमतीत घातले. आणि ज्यांच्याकडे दोन आहेत ते दुसरी माझ्या फाटकासमोर लावतात. वर म्हणतात, ‘काका, पाच मिनिटंच.’ फुकट जागा मिळणार म्हटल्यावर गाड्या वाढणारच. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे. गाडी ठेवायला जागा कुठे आहे ते दाखवा, मगच नोंदणी. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये किमान पार्किंगची अट काढून कमाल मर्यादा घातली. हे करा, निम्मं नियोजन झालं.

चक्रधर

काका, तुमच्या फाटकाचा राग सगळ्या गाडीवाल्यांवर काढू नका. टोकियोत घराजवळ रेल्वे आहे म्हणून तो कायदा चालतो. माझी आई गुडघ्यांनी बेजार. दवाखान्यात न्यायची तर दोन बस बदला, मध्ये भरधाव रस्ता ओलांडा. त्या बसची पायरी तिला चढता येत नाही. म्हणून गाडी घेतली, हौसेने नाही. आणि तिकडे पोचलं की लावायची कुठे? तुमच्यासारखे लोक ‘गाडी लावू नये’ची पाटी लावून बसलेले.

खडूस_काका

पाटी माझ्या फाटकावर आहे, रस्त्यावर नाही. आईंसाठी घेतली असेल, चांगलं केलंत. मग रोज ऑफिसला एकटे कोण जातं त्या गाडीतून? आई?

चक्रधर

वैयक्तिक होऊ नका.

खडूस_काका

फाटक वैयक्तिकच असतं.

मोकळा_बाजार

पार्किंगची सक्ती उठवावी यात मी काकांच्या बाजूने. सरकारी नियमच तो! घ्या, माझंच म्हणणं सिद्ध झालं.

खडूस_काका

तुम्ही माझ्या बाजूने आहात हे ऐकून मलाच आता शंका यायला लागली.

सीमेवरची

पार्किंग झालं असेल तर बोलू का? मी अशा ठिकाणी राहते जिथे शहराची बस हद्दीच्या कमानीपाशी वळून परत जाते. पुढे चालत. रस्त्याला दिवे नाहीत, फुटपाथ नाही. संध्याकाळी आम्ही बायका कमानीपाशी थांबून एकमेकींची वाट बघतो आणि मग निघतो. सकाळी शहरातल्या घरांत, दवाखान्यांत, दुकानांत काम करणाऱ्या याच बायका असतात. शहराचा कचरा मात्र कमानीपाशी थांबत नाही. तो थेट आमच्या गावाच्या माळावर येतो.

नकाशेवाले दादा, तुमचं ‘वर बसलेलं’ प्राधिकरण आमच्याकडे आलं होतं. सुनावणी होती कामाच्या दिवशी, दुपारी, शहरातल्या कार्यालयात. जायला जमलं ते दोन जमीनवाले आणि एक वकील. नकाशात आमचा माळ ‘सार्वजनिक सुविधा’ म्हणून रंगवलेला होता. कोणाची सुविधा, ते विचारायचं राहून गेलं.

आणि आडवाट, तुम्हीही शहरातूनच बोलताय. कोलंबियातल्या मेदेयीन शहरात २००४ मध्ये डोंगरावरच्या वस्त्यांपर्यंत केबलगाडी गेली, ती मेट्रोला जोडली. तिथे खोऱ्यातल्या दहा पालिकांची मिळून एक महानगर संस्था १९८० पासून आहे. म्हणजे अशी संस्था असणं वाईट नसतं. आधी कोणाच्या वस्तीत पोचायचं हे ठरलं की काम होतं. व्हिएन्नात १९९० च्या दशकात कोण कसं फिरतं, मुली बागेत खेळायला का येईनाशा होतात, हे आधी तपासलं आणि मग बागा बदलल्या. आमच्या बागेचं नंतर बघा. आधी दिवे लावा.

नकाशेवाला

ताई, सुनावणीच्या वेळेबद्दल तुमचं बरोबर आहे. पण नियमात नोटीस आणि मुदत एवढंच आहे, त्यापलीकडे अधिकाऱ्याच्या हातात काही नसतं. आणि कचरा कुठेतरी जाणारच. प्रत्येक वस्ती ‘आमच्याकडे नको’ म्हणाली तर?

सीमेवरची

प्रत्येक वस्ती म्हणतेच, दादा. ऐकलं कोणाचं जातं ते बघा.

आडवाट

मी शहरातून बोलतो, खरंय. गप्प बसायला ते कारण पुरेसं नाही. तुमच्या अनुभवातून माझाच मुद्दा पुढे जातो. मिनियापोलिस परिसराची एक महानगर परिषद आहे, तिचे सदस्य राज्यपाल नेमतात, लोक निवडत नाहीत, आणि त्यावर तिथे सतत कुरबूर असते. अमेरिकेतल्याच पोर्टलंडमध्ये मात्र प्रादेशिक संस्था थेट मतदानाने निवडली जाते. शहर कुठपर्यंत पसरायचं ती रेषाही तीच सांभाळते, १९७९ पासून. निवडून येणारा माणूस कामाच्या दिवशी दुपारी सुनावणी ठेवायला जरा तरी घाबरेल.

हिरव्या पाचरांबद्दलही नकाशेवाल्यांना एक सांगायचंय. हिरवा रंग नेहमी पुण्याचाच नसतो. सेऊलने १९७१ मध्ये हरितपट्टा आखला. शहर पट्ट्याआत दाटलं आणि १९८० च्या दशकाअखेरीस पट्ट्यापलीकडे बुंदांग, इल्सानसारखी नवी शहरं उभारावी लागली. लोक रोज तो हिरवा पट्टा ओलांडून कामाला जाऊ लागले. वस्ती थांबली नाही, लांब गेली. कोपनहेगनला जमलं कारण बहुतेक बोटांवर आधीच रेल्वे होती.

नकाशेवाला

सेऊलचं मान्य, तेवढ्यापुरतं. निवडून आलेलं प्राधिकरणही चालेल, हवं तर. पण निवडून आलेल्या मंडळींनी पाच वर्षांपुढचा नाला रुंद केलेला मी तरी पाहिलेला नाही. आणि रेल्वे आधी हवी तर पैसा आधी हवा. हाँगकाँगची मेट्रो स्टेशनवरच्या आणि भोवतालच्या जमिनीच्या विकासातून पैसा उभा करते. वाहतूक आणि जमीन एकाच्या हातात नसेल तर हे होत नाही. म्हणजे फिरून तुम्ही माझ्याच प्राधिकरणाशी आलात.

आडवाट

आलो, पण त्याच्या तिजोरीची चावी घेऊन आलो. स्टेशनभोवती जमिनीचा भाव वाढतो तो सगळ्या प्रदेशाने कर भरून रेल्वे आणली म्हणून. तो पैसा त्याच स्टेशनच्या चकचकीत मॉलमध्ये जिरला तर तुमचं एकात्मिक नियोजन फक्त मॉलवाल्यांपुरतं एकात्मिक. मिनियापोलिसचा वाटपाचा नियम मला त्यासाठीच हवा आहे. ४० टक्के.

चक्रधर

हाँगकाँगला स्टेशनजवळ पार्किंग असतं का?

खडूस_काका

तुमच्यासाठी नसावं, अशी आशा आहे.

सीमेवरची

आडवाट, तो ४० टक्के हिस्सा वाढीचा आहे, बरोबर? म्हणजे कायदा झाला त्या दिवशी शहराकडे जे जमलेलं असेल ते शहराचंच राहणार. आमच्या माळावर त्याआधी कचऱ्याचा जो डोंगर झालाय तो कोणाच्या खात्यात? तुमच्या वाटपाच्या नियमात त्याचं कलम घाला, मग मी तुमच्या बाजूने सही करते. आणि सुनावणी रविवारी ठेवा. आमच्या गावात.