दूरशिक्षणाला मोबाइलच का? टीव्ही, रेडिओ, पुस्तक कुठं कमी पडतं?

माळरान
2020 ला शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या वस्तीवर घरात एकच फोन, तोही वडील सकाळी रानात घेऊन जायचे आणि रेंज टेकडीवर गेल्याशिवाय नाही. सरांनी पाठवलेल्या पीडीएफ रात्री उघडायच्या. त्याच जुलैत सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा शाळेच्या अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला, तो मात्र शेजारची पाच-सहा पोरं एका घरात बसून बघायची आणि त्यातलं घरीही करून बघायची. 1975-76 च्या ‘साइट’ ह्या शैक्षणिक टीव्हीच्या प्रयोगात सहा राज्यांतल्या जवळपास 2400 गावांत उपग्रहावरून टीव्ही पोचला होता. गरिबाच्या पोरापर्यंत पोचायचं तर प्रसारणच, असं माझं ठाम मत.

गणितवाली
नाही पटत. पोचणं वेगळं, शिकणं वेगळं. माझी मुलगी अपूर्णांकांच्या भागाकारात अडकली तर टीव्ही थोडाच थांबणार? फोनवर तिनं तोच व्हिडिओ चार वेळा मागे नेऊन बघितला आणि मग कळलं. आणि साइटचा उपग्रह नासाचा होता, वर्षासाठी मिळालेला, वर्ष संपलं की तो गेला. शाळकरी पोरांसाठी टीव्हीचे कार्यक्रम बनवणारी आपली पुण्याची बालचित्रवाणीसुद्धा शेवटी बंदच झाली ना?

रात्रपाळी
मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए केलं, कंपनीत पाळ्या करून. पुस्तक असं लिहिलेलं की शिक्षक समोर नाही हे धरूनच चाललेलं, मध्ये मध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न, मागे उत्तरं. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, कुठंही वाचा, चार्जिंगची भानगड नाही. पण खरं सांगतो, रविवारची संमंत्रण सत्रं, म्हणजे शिक्षकांसमोर बसून शंका विचारायचे तास, नसती तर अर्थशास्त्र सुटलंच असतं माझं.

गणितवाली
@रात्रपाळी तुमचं नशीब चांगलं. मी एका दुसऱ्या संस्थेतून डिप्लोमा केला, पुस्तकं पोस्टानं आली परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा! तीच पुस्तकं वेबसाइटवर असती तर माझं वर्ष वाचलं असतं.

जुनारेडिओ
रेडिओला कुणी विचारतच नाही. 1956 मध्ये पुणे आकाशवाणीनं पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत श्रोतामंडळं चालवली. शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, मग त्यावर आपसात चर्चा, शंका परत केंद्राकडे पाठवायच्या. म्हणजे तिकडून उत्तर यायची सोय तेव्हाही होती, फक्त वेळ लागायचा.

माळरान
@जुनारेडिओ हेच म्हणायचं होतं मला, एकत्र बसणं! @गणितवाली मागे नेऊन बघायचा मुद्दा मान्य, गणिताला तो लागतोच. पण फोन हातात असलेली पोरगी घरात एकटी शिकते, तिला अडलं तर विचारणार कुणाला?

गणितवाली
मला विचारते. पण मी शिकलेली आहे म्हणून. ज्या घरात आई शिकलेली नाही तिथं काय, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तिथं वस्तीत एक माणूस लागेलच, माध्यम कुठलंही घ्या.

रात्रपाळी
आणि त्या माणसाला मानधन कोण देणार, ह्यावर बोला आता कुणीतरी.